‘आणि’च्या जागी ‘किंवा’

दवाखान्यात सगळे तिला फ्रीजताई म्हणायचे. हे नाव आधी कुणाच्या तोंडून निघालं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते चपखल बसलं होतं. लहान मुलांच्या लसी ठेवायची खोली तिच्या ताब्यात होती आणि त्या खोलीत दोन फ्रीज होते, एक थोरला, एक धाकटा. थोरला सरळमार्गी. धाकटा लहरी, आठवड्यातून एकदा तरी कुरकुरणारा. त्याच्याशी ती नाठाळ जनावराशी बोलावं तसं बोलायची.

चोविसाव्या वर्षी ती इथं फरशी पुसायला लागली होती. शिक्षण नववीपर्यंत. फरशीवरून पट्टीबंधाच्या खोलीत, तिथून औषधांच्या कपाटापाशी आणि तिथून या थंडगार खोलीत यायला तिला अठरा वर्षं लागली. कुणी तिला वर चढवलं नाही. ती चुकायची नाही, एवढंच तिचं भांडवल होतं. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. त्याहून गरम झाली तर ती मरते आणि गोठली तरी मरते, हे तिला स्वतःच्या पत्त्याइतकं पाठ होतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, दोन्ही फ्रीजचे आकडे ती वहीत लिहायची.

पाच वर्षांपूर्वी वही गेली आणि संगणक आला. बाकीच्यांनी अंग काढून घेतलं. सत्तेचाळीस वर्षांची फ्रीजताई मात्र घरी जाऊन लेकीसमोर बसली. लेकीचं तेव्हा लग्न व्हायचं होतं. तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईला रकाने दाखवले, सूत्रं दाखवली.

“हे इफ. इफ म्हणजे जर-तर,” लेक म्हणाली. “जर दूध वर आलं, तर गॅस बंद कर, नाहीतर ढवळत राहा. तू रोज हेच तर करतेस.”

“आणि हे ऑर?”

“ऑर म्हणजे किंवा. अँड म्हणजे आणि. ‘किंवा’ असेल तर दोनांतलं एक खरं असलं तरी चालतं. ‘आणि’ असेल तर दोन्ही खरी लागतात. ‘किंवा’ मवाळ, ‘आणि’ कडक.”

फ्रीजताईला हे फार आवडलं. आयुष्यभर तिनं लोकांच्या जर-तरच्या गोष्टी ऐकल्या होत्या. इथं जर-तर लिहिलं की यंत्र ते निमूटपणे पाळत होतं. दवाखान्याच्या पत्रकात तिनं स्वतः सूत्र घातलं. जर तापमान दोनपेक्षा कमी किंवा आठपेक्षा जास्त, तर ‘धोका’, नाहीतर ‘ठीक’. ‘धोका’ला लाल रंग, ‘ठीक’ला हिरवा. साडेचार वर्षं ते सूत्र इमानदारीनं चाललं. आठ-नऊ वेळा लाल पेटलं आणि दर वेळी तिनं धावपळ करून लस वाचवली.

मग सात महिन्यांपूर्वी वरच्या कार्यालयाचा नवा नमुना आला. त्यात प्रत्येक ओळीत आधी ‘ठीक’ हवं होतं, मग ‘धोका’. दवाखान्याच्या मुख्य डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणायचे, सहज म्हणाल्या, “ताई, तुमचं सूत्र जरा उलटं करून टाका.”

तिनं उलटं केलं. ‘पेक्षा कमी’चं ‘पेक्षा जास्त’ केलं, ‘पेक्षा जास्त’चं ‘पेक्षा कमी’ केलं, ‘ठीक’ पुढं घेतलं, ‘धोका’ मागं नेला. पाच आकडा घालून पाहिला. हिरवं ‘ठीक’ आलं. ती चहा प्यायला गेली. मधला एक शब्द उलटा करायचा राहून गेला होता, हे तिच्या गावीही नव्हतं.

सात महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, ती धाकट्या फ्रीजचा आकडा भरत होती. चार पूर्णांक आठ. घाईत तिच्या बोटाकडून टिंब सुटलं आणि रकान्यात पडले अठ्ठेचाळीस.

ती स्वतःशीच हसली. अठ्ठेचाळीस अंशांत लस काय, भातही शिजायचा. दुरुस्त करायला तिनं हात पुढं केला आणि तो तसाच थांबला. शेजारच्या रकान्यात हिरवं ‘ठीक’ होतं.

संगणक अडकला असेल, असं तिला वाटलं. तिनं आकडा पुसून नव्वद घातला. ठीक. उणे वीस घातला. ठीक. तिनं रकाना रिकामाच केला, काहीच ठेवलं नाही. शेजारी हिरव्या अक्षरांत, शांतपणे, ठीक.

 खोलीत फ्रीजची घरघर होती आणि बाहेर कुणीतरी बाकडं सरकवत होतं. तिनं खुर्ची पुढं ओढली, चष्मा पुसला आणि सूत्र उघडलं. एकेका अक्षरावर बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखं वाचलं. जर तापमान दोनपेक्षा जास्त… ऑर… आठपेक्षा कमी… तर ठीक.

ऑर. किंवा. मवाळ.

अठ्ठेचाळीस दोनहून जास्तच आहे, म्हणून ठीक. उणे वीस आठहून कमीच आहे, म्हणून ठीक. जगात असा एकही आकडा नाही जो दोनहून मोठाही नाही आणि आठहून लहानही नाही. सात महिने तिनं त्या यंत्राला जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर ‘हो’खेरीज दुसरं असूच शकत नव्हतं. तिथं अँड हवा होता.

तिनं दाराला आतून कडी लावली. नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत तिनं त्या खोलीला आतून कडी कधी लावली नव्हती.

शेजारच्या मोकळ्या रकान्यात तिनं बरोबर सूत्र लिहिलं. अँड तिला तीनदा लिहावा लागला. मग ते सूत्र सात महिन्यांच्या सगळ्या ओळींवर ओढायचं होतं. ओढायला दोन सेकंद लागतात. ती पाच मिनिटं नुसती बसून राहिली. मग तिनं डोळे मिटून ओढलं आणि उघडले.

वरून खाली ती येत गेली. हिरवं, हिरवं, हिरवं. एके ठिकाणी लाल, आठ पूर्णांक तीन, त्या दिवशी साफसफाईसाठी दार उघडं होतं, पुढच्या वेळी पुन्हा पाच.  पुढं आणखी एक लाल, तसंच किरकोळ. मग पुन्हा हिरव्याची लांबलचक रांग. आपण उगाच धास्तावलो, असं मनात येतं न येतं तोच चार लाल एकाखाली एक आले.

धाकटा फ्रीज. उणे एक पूर्णांक दोन. उणे दोन. उणे दोन पूर्णांक चार. उणे एक.

त्यापुढं पुन्हा तीन, चार, साडेचार, सगळं सुरळीत.

तिनं तारखा पाहिल्या. दहा आठवड्यांपूर्वीचे ते दिवस. तिच्या नवऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि ती तीन दिवस रजेवर होती. आकडे दवाखान्याच्या पहारेकऱ्यानं एका कागदावर टिपून ठेवले होते. त्यानं आपल्या परीनं काम चोख केलं होतं. बर्फ दिसल्यावर फ्रीजचं बटण फिरवून थंडीही कमी केली होती आणि काम झालं म्हणून गप्प बसला होता. रजेवरून आल्यावर तो कागद समोर ठेवून आकडे भरले होते ते हिनंच. ती उण्याची चिन्हं तिच्याच बोटांनी दाबली होती. तिनं ती पाहिली कशी नाहीत? पण पाहायचं कशाला, रकाना हिरवा होता. हिरवं दिसलं की डोळे आपोआप पुढं सरकायचे. जागं राहायचं काम तिनं त्या सूत्रावर सोपवलं होतं आणि स्वतः निवांत झाली होती.

त्या दिवसांत धाकट्या फ्रीजमध्ये एक खोकं होतं. सत्तर बाटल्या, प्रत्येकीत एका बाळाचा डोस. डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात यांची लस. गोठली की ती विष होत नाही, पण तिच्यात राम उरत नाही. टोचलं काय आणि न टोचलं काय.

तिनं खोकं उघडून मोजलं. सात उरल्या होत्या.

त्रेसष्ट बाळं. तिनं लसीकरणाची नोंदवही उघडली. एकेका ओळीत बाळाचं वय, आईचा फोन, डोसची तारीख. पानं उलटताना ती कुणाला शोधत होती हे तिचं तिला माहीत होतं, तरी ती ओळ आल्यावर तिचं बोट तिथंच थांबलं. वय दोन महिने. मुलगी. आईचा फोन, म्हणजे तिच्याच लेकीचा फोन. त्या दिवशी नातीला मांडीवर घट्ट धरून आजीच बसली होती. “एवढंसं टोचेल बरं का, मग चिंता नाही,” असं म्हणाली होती.

आणि आदल्याच दिवशी लेक फोनवर म्हणाली होती, “आई, पोरीला तीन दिवस खोकला आहे गं.”

दारावर टकटक झाली. फ्रीजताई दचकून उभी राहिली. बाहेर सिस्टर होती, लस टोचणारी. मुलं तिला पाहताच भोकाड पसरत म्हणून सगळा दवाखाना तिला टोचणी सिस्टर म्हणायचा. वीस वर्षं दोघींनी एकत्र डबा खाल्ला होता.

“कडी का लावलीत? आणि चेहरा असा का पडलाय?”

फ्रीजताईनं तिला आत घेतलं आणि सगळं सांगितलं.  टोचणी सिस्टरनं पडद्यावरच्या त्या चार लाल ओळी वाचल्या. मग तिनंच उठून कडी पुन्हा लावली.

“हे कुणाला सांगितलंत?”

“तुम्हालाच.”

“मग इथंच राहू द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. सूत्र दुरुस्त करा, त्या सात बाटल्या फुटल्या म्हणून लिहा. पोरांचे पुढचे डोस आहेतच की. त्यात भरून निघेल.”

“निघेल?”

“बरंचसं निघेल.” सिस्टर तिच्याकडे पाहत नव्हती. “ताई, टोचलंय मी. त्रेसष्टच्या त्रेसष्ट, या हातानं. वरचे लोक आले की ते सूत्र बघणार नाहीत, माणसं बघतील. तुमची आठ वर्षं राहिलीत आणि माझी सहा.”

ती गेली. तिचा राग आला नाही. खरं तर फ्रीजताईला जे ऐकायचं होतं तेच ती बोलली होती. उद्या बुधवार, लसीकरणाचा दिवस. त्या सात बाटल्या तिनं खोक्यातून काढून वेगळ्या डब्यात ठेवल्या, डब्यावर काहीच लिहिलं नाही आणि लेकीला फोन लावला.

“खोकला कसा आहे?”

“आहे तसाच. दूध पितेय, खेळतेय.”

“खोकताना दम कोंडतो का? चेहरा निळा पडतो का? शेवटी श्वास ओढताना आवाज येतो का?”

“नाही गं. आई, असं काय विचारतेस, मला भीती वाटते.”

“डॉक्टरकडे ने. आजच. आणि ऐक, त्यांना म्हणावं, ती दोन महिन्यांची लस पुन्हा एकदा द्या. पैसे मी देते.”

“पुन्हा? का? तुमच्याकडेच तर दिली.”

“असंच. दे म्हणते ना मी.”

फोन ठेवल्यावर ती त्या बंद खोलीत उभी राहिली. लेकीशी ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती. पण आता तिला छळत होतं ते वेगळंच. आपण काय केलं ते तिला कळलं होतं. आपलं पोर तेवढं तिनं सुरक्षित केलं होतं. नोंदवही टेबलावर उघडीच होती आणि तिच्यात बासष्ट फोन नंबर होते.

दुपारी ती जेवायला घरी गेली. घर दोन गल्ल्या पलीकडे, खाली नवऱ्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान, वर दोन खोल्या. डोळा बरा झाल्यापासून तो पुन्हा कानस चालवू लागला होता. त्यानं पोळी तोडली आणि तिच्याकडे पाहिलं. तिच्या ताटातलं तसंच होतं.

“बोल,” तो म्हणाला.

तिनं सांगितलं. सूत्र त्याला कळणार नाही असं तिला वाटत होतं, पण तो मान डोलावत राहिला.

“तू ते तपासलंस कसं?”

“पाच घालून पाहिलं. ठीक आलं.”

“म्हणजे बरोबर किल्ली घालून पाहिलीस. अगं, बरोबर किल्लीनं कुलूप उघडणारच. मी नवं कुलूप बसवलं की आधी चुकीची किल्ली घालतो. ती लागली नाही तर मग ते कुलूप.” मग आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन तो ओशाळला. “ते आता बोलून काय उपयोग म्हणा.”

“अहो, नोकरी जाईल.”

“जाईल कदाचित.”

“लोक दारावर येतील. पोलीस सुद्धा येतील. त्यांच्यातलं एखादं पोर…”

त्यानं पाण्याचा पेला तिच्यापुढं सरकवला. तो धीर द्यायचा माणूस नव्हता आणि त्या दिवशीही त्यानं दिला नाही. “मी येऊ का तुझ्याबरोबर?” एवढंच त्यानं विचारलं.

“नको. तुम्ही आलात तर मी रडेन.”

दवाखान्यापर्यंतचा सात मिनिटांचा रस्ता तिनं जीव मुठीत धरून काटला. वाटेत समोरून एक बाई बाळाला खांद्यावर घेऊन आली. बाळ खोकलं. फ्रीजताई मागं वळून पाहत राहिली, ते वळणाआड जाईपर्यंत.

मोठ्या मॅडम कागदांवर सह्या करत होत्या. तिनं छापलेलं पान त्यांच्यापुढं ठेवलं. चार ओळींभोवती पेनानं गोल केला होता.

“मॅडम, माझ्याकडून चूक झालीय.”

त्यांनी वाचलं. पहिल्यांदा त्यांना समजलं नाही. तिनं उभ्या उभ्या सांगितलं, ‘किंवा’ काय आणि ‘आणि’ काय. मॅडमचं पेन हळूहळू खाली आलं.

“किती मुलं?”

“त्रेसष्ट.”

“तुमची नातही त्यात होती ना?”

“हो.”

मॅडम उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. “दर महिन्याला या पत्रकावर सही कुणाची असते, माहीत आहे?”

“तुमची.”

“मी वाचतसुद्धा नव्हते. हिरवं दिसलं की सही.”  एवढी मोठी बाई, पण टेबलाच्या कडेवर टेकलेली त्यांची बोटं पांढरी झाली होती. तेव्हा फ्रीजताईला उमगलं की खोलीत घाबरलेली ती एकटी नाही, आणि त्यानं तिची भीती कमी होण्याऐवजी वाढलीच. आपण ज्याच्या मागं लपू शकू असं माणूस आता वर कुणी उरलं नव्हतं.

“उरलेल्या बाटल्या?”

“सात आहेत. वेगळ्या ठेवल्यात.”

“त्यातली एक आता बर्फाच्या कप्प्यात टाका, पूर्ण गोठू द्या. उद्या सकाळी हलवून बघायची चाचणी करू. मग खात्रीनं बोलता येईल. उद्याचं लसीकरण थोरल्या फ्रीजमधून. आणि ताई…”

“हो मॅडम?”

“सूत्राला हात लावू नका. जसं आहे तसं राहू दे. वरच्यांना ते दाखवावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मॅडम, टोचणी सिस्टर आणि फ्रीजताई टेबलाभोवती बसल्या. एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवलेली, एक उरलेल्या सहांतली. दोन्ही एकाच वेळी, एकाच हातात धरून हलवायच्या आणि शेजारी शेजारी ठेवायच्या. गोठून खराब झालेल्या लसीचा गाळ लवकर खाली बसतो आणि वर स्वच्छ पाणी दिसतं. चांगली लस बराच वेळ गढूळ राहते. अर्धा तास पाहायचं.

फ्रीजताईनं हलवल्या. दोन्ही दुधाळ झाल्या. तिघी टक लावून बसल्या. गढूळ राहा, राहा गं बाई, असं ती मनातल्या मनात त्या इवल्याशा बाटलीला विनवत होती. पाच मिनिटांत मुद्दाम गोठवलेल्या बाटलीत वर पाण्याची पातळ रेघ दिसली. दुसरी अजून दुधाळ होती. टोचणी सिस्टरनं सुस्कारा सोडला. सातव्या मिनिटाला दुसऱ्या बाटलीतही रेघ आली. पंधराव्या मिनिटाला दोन्ही सारख्या दिसत होत्या, तळाशी पांढरा थर, वर नितळ पाणी. उरलेली पंधरा मिनिटं बघायची गरज नव्हती, पण एकीनंही जागा सोडली नाही.

“वर फोन करते,” शेवटी मॅडम म्हणाल्या.

“पोरांच्या घरी फोन मी करते,” फ्रीजताई म्हणाली.

“ते काम सिस्टर करतील. तुम्हाला कशाला…”

“मीच करते.”

टोचणी सिस्टर उठली. तिनं नोंदवही उचलली, दुसरी खुर्ची टेबलाला लावली आणि निम्मी पानं स्वतःकडे ओढली.

काय बोलायचं ते मॅडमनी कागदावर लिहून दिलं होतं. तुमच्या बाळाला दिलेली लस साठवणीत बिघडली होती, तिच्यामुळं अपाय होत नाही, पण संरक्षण मिळालेलं नाही, कृपया पुन्हा घेऊन या. फ्रीजताई त्यात एक वाक्य घालायची. “ही चूक माझी आहे.” पहिल्या फोनला तिची बोबडी वळली. पलीकडच्या बापानं तीनदा “कोण बोलतंय?” विचारलं. पाचव्या फोनला एक आजी तिला शिव्या घालत राहिली आणि ती ऐकत राहिली. कुणी नुसतं “किती वाजता येऊ?” विचारलं, कुणी रडलं. एकानं विचारलं, “तुम्ही फ्रीजवाल्या ताई ना? तुम्हीच?” ते ‘तुम्हीच’ तिला सगळ्यात जास्त लागलं.

मधेच लेकीचा फोन आला. साधी सर्दी, डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं. “आई, लस पुन्हा का, ते आता तरी सांगशील?” फ्रीजताईनं सांगितलं.  “मला तू काल सांगायला हवं होतंस,” लेक म्हणाली आणि फोन ठेवला. पुढं दोन आठवडे ती आईशी कामापुरतंच बोलली.

एकविसावा फोन पलीकडे उचलला गेला तेव्हा मागं यंत्राची पीप पीप ऐकू येत होती.

“आम्ही मोठ्या हॉस्पिटलात आहोत,” ती आई म्हणाली. आवाज झोप न झालेल्या माणसाचा होता. “सहा दिवस झाले. डांग्या खोकला म्हणतात. लस तर दिली होती मी, वेळेवर दिली होती, तुमच्याकडेच दिली.”

फ्रीजताईसमोर कागद होता, पण त्यावरची अक्षरं तिला दिसेनात. तिनं सांगितलं. जे होतं ते, सूत्रासकट सांगितलं.  पलीकडून फक्त ती पीप पीप येत राहिली आणि मग फोन बंद झाला.

त्या क्षणानंतरचे अकरा दिवस फ्रीजताई कशी जगली ते तिला नीट सांगता यायचं नाही. वरच्या कार्यालयाची दोन माणसं आली, संगणकाचे फोटो काढून घेऊन गेली, तिचा जबाब घेतला, मॅडमचा घेतला. तिला खोलीच्या किल्ल्या जमा करायला सांगितलं. त्या दिवसांत ती पुन्हा पट्टीबंधाच्या खोलीत बसायची आणि रोज दुपारी हॉस्पिटलच्या नर्सला फोन करून विचारायची, “ते बाळ?” ऑक्सिजनवर आहे. तसंच आहे. आज जरा दूध घेतलं. पुन्हा दम कोंडला. फोन वाजला की ती घाबरायची, वाजला नाही तर त्याहून जास्त. नवरा रोज तिला दवाखान्यापर्यंत सोडायला येऊ लागला आणि ती नको म्हणेनाशी झाली.

बाराव्या दिवशी नर्स म्हणाली, “नळी काढली. उद्या-परवा घरी.”

त्या बाळाला तोवर एकच डोस मिळालेला होता, तो बिघडलेला. एक चांगला डोस मिळूनही मुलाला हा आजार होऊ शकतो, असं हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी लिहून दिलं. होऊ शकतो आणि न होऊही शकतो. ते वाक्य फ्रीजताईनं अनेकदा वाचलं. त्यातून ना सुटका होत होती, ना शिक्षा.

महिन्याभरानं चौकशीचा कागद आला. तिला लेखी ताकीद, मॅडमना लेखी ताकीद. सूत्र बदललं की दुसऱ्या माणसानं चुकीचे आकडे घालून तपासायचं, आणि रोजचा आकडा वाचणाऱ्यानं तोंडानं मोठ्यानं वाचायचा, असा नियम. किल्ल्या परत मिळाल्या. त्रेसष्टपैकी एकसष्ट बाळं येऊन गेली होती, आणि गाव सोडून गेलेलं एक कुटुंब तिनं सतरा फोन करून शोधलं होतं. त्यांनी तिथंच लस घेतल्याचं कळवलं. एकच बाळ राहिलं होतं.

ते एका बुधवारी आलं. आई बारीकशी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बाळ ओढणीत गुंडाळलेलं. फ्रीजताईनं तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ती दारातून आत आली तेव्हाच ओळखलं. आता काय बोलेल, सगळ्यांसमोर बोलेल का? ती उठून उभी राहिली.

बाई थेट तिच्यापाशी आली.

“फोनवर तुम्ही होतात?”

“हो.”

“मला तो फ्रीज बघायचाय.”

नियमात बसत नव्हतं. फ्रीजताईनं मोठ्या मॅडमच्या दाराकडे पाहिलं, मग खोली उघडली. बाई आत आली. थंडीनं बाळानं तोंड आईच्या मानेत खुपसलं. धाकट्या फ्रीजच्या दारावर आकडा दिसत होता. बाईनं तो वाचला, फ्रीजताईच्या तोंडून न ऐकता स्वतः वाचला.

“पाच पूर्णांक एक,” ती म्हणाली. “हे बरोबर आहे?”

“बरोबर आहे. दोनहून जास्त आणि आठहून कमी. दोन्ही पाहिजेत.”

“आज सकाळी किती होतं?”

“चार पूर्णांक नऊ.”

“काल?”

फ्रीजताईनं पत्रक उघडून तिच्याकडे वळवलं. बाई वाकून एकेक आकडा वाचत गेली, पूर्ण आठवड्याचा. हिरव्या रकान्याकडे तिनं पाहिलंच नाही. वाचून झाल्यावर ती सरळ झाली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. म्हणेल असं फ्रीजताईला वाटलंही नव्हतं.

“बरं,” बाई म्हणाली. “कुठं बसू?”

“या इकडे,” फ्रीजताई म्हणाली आणि तिच्यापुढं चालत टोचणी सिस्टरच्या खोलीचं दार तिनं उघडून धरलं.